जुन्या गाडीची फाइल आरटीओतून सारखी परत येतेय? नेमकं कुठे अडलंय ते आधी शोधा

तक्रार ठरलेली असते. जुनी फियाट, नाहीतर अॅम्बेसेडर, नाहीतर शेतात चिंचेखाली पडून असलेली जीप हौसेनं घेतली. इंजिन बांधलं, पत्राकाम झालं, रंगही झकास चढला. गाडी सोलापुरात होटगी रोडला निघाली की लोक वळून बघतात. फक्त आरसी बुकात मालक म्हणून नाव आहे ते कधीच वारलेल्या कुणा गृहस्थांचं, आणि पासिंग संपून जमाना झाला. ट्रान्सफरची फाइल लावली, परत आली. एजंट बदलून लावली, परत आली. शेवटी कट्ट्यावरचा सल्ला मिळतो, "सोडा ओ मालक, तशीच फिरवा. कोण विचारतंय?"

विचारतात. नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर आणली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२ खाली पहिल्या वेळेला ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे, पुढच्या वेळी त्याहून जड. पण दंडाचं सोडा, खरी धास्ती अपघाताची. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सांगितलंय की नोंदणी ज्याच्या नावावर, नुकसानभरपाईच्या हिशेबात मालक तोच. मधे गाडी किती हातांतून गेली ते बघितलं जात नाही. म्हणजे गाडी चालवणार तुम्ही, आणि नोटीस जाणार ज्यानं कधीकाळी गाडी विकून टाकली त्याच्या दारात. तो तुमच्या नावानं शंख करणार हे वेगळंच.

माझं एकच म्हणणं आहे. तीच फाइल तेच कागद लावून पुन्हा पुन्हा दिल्यानं काही होत नाही. जुन्या गाडीची फाइल गाडी जुनी आहे म्हणून सहसा अडत नाही. ती अडते कारण कागदावरच्या नावांची साखळी कुठेतरी तुटलेली असते, किंवा लोखंडावरचा नंबर कागदाशी जुळत नाही. कुठली कडी तुटली ते कळलं की तेवढीच जोडायची. म्हणून पहिलं काम: त्रुटी काय निघाली ती लेखी मागून घ्या. ऑनलाइन अर्ज असेल तर शेरा तिथं दिसतो. "साहेब होत नाही म्हणाले" हा एजंटचा निरोप झाला, कारण नव्हे.

आणि हे सगळं रंगाच्या आधी. पत्राकामावर पैसा ओतून झाल्यावर कागद बघणारे इतके भेटतात की आता मी गाडी बघायलाच जात नाही, आधी आरसीचा फोटो मागवतो.

नंबर टाकला की "रेकॉर्ड नाही" येतं

सध्या सगळ्यात जास्त माणसं इथंच अडकलीत. कारण उघड आहे. १ एप्रिल २०१९ आधीच्या सगळ्या गाड्यांना एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेटची पाटी बसवायची सक्ती झाली. पाटी बुक करायला गाडीचा नंबर आणि चॅसी (गाडीचा सांगाडा) व इंजिन नंबरचे शेवटचे पाच आकडे लागतात, आणि ते 'वाहन' या आरटीओच्या ऑनलाइन प्रणालीतल्या नोंदीशी जुळावे लागतात. ज्याची नोंदच तिथं नाही त्याची पाटी बुक होत नाही. पाटी नाही म्हणून ट्रान्सफर, पत्ताबदल, बोजा (आरसीवरची कर्जाची नोंद) उतरवणं ही कामं थांबतात. पीयूसीचंही तेच रडगाणं. चारचाकीच्या पाटीचा दर ७४५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे अडचण पैशाची नाहीच.

नोंद का नसते? १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला, त्यानंतर एमएच आलं आणि सोलापूर एमएच १३ झालं. त्याआधीच्या तीन अक्षरी नंबरांच्या गाड्या, आणि एमएचच्याही सुरुवातीच्या वर्षांतल्या कितीतरी गाड्या, जाडजूड हस्तलिखित रजिस्टरांत आहेत. कॉम्प्युटर आल्यावर ज्यांची कामं निघाली त्यांच्या नोंदी चढल्या. जी गाडी तेव्हा वाड्याच्या चौकात धूळ खात उभी होती तिची नोंद कोण चढवणार?

यावर उपाय आहे, त्याला बॅकलॉग एंट्री म्हणतात. साधा अर्ज, सोबत मूळ आरसी बुक, जुन्या-नव्या विम्याचे कागद, कर भरल्याच्या पावत्या, चॅसीचा पेन्सिल ठसा आणि मालकाची ओळखपत्रं. कार्यालय आपल्या रजिस्टरशी ताडून बघतं आणि नोंद चढवतं. इथं एक गोष्ट लोकांना माहीत नसते: ही नोंद, गाडीचं रेकॉर्ड ज्या कार्यालयाकडे आहे तेच चढवू शकतं. गाडी पुण्याला पास झालेली आणि तिथून कधी एनओसी (दुसऱ्या कार्यालयाकडे न्यायची ना-हरकत) निघालेलीच नसेल, तर सोलापूरच्या खिडकीवर महिनाभर उभं राहूनही काही होणार नाही, पुणंच गाठावं लागेल. उलटही होतं. माळशिरसकडची गाडी आज अकलूजच्या एमएच ४५ च्या हद्दीत आहे, पण जुनं रजिस्टर सोलापुरात.

आरसी बुकच हरवलं असेल तर आधी पोलिसांकडून गहाळ झाल्याचा दाखला, मग फॉर्म २६ वर डुप्लिकेटसाठी अर्ज. त्याआधी रजिस्टरमध्ये आपल्या गाडीबद्दल काय लिहिलंय ते बघून घेतलेलं बरं. नोंदवहीचा उतारा मागा. देतो-देतो करत दिला नाही तर माहिती अधिकारात मागा, १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांची मुदत. उताऱ्यात शेवटच्या मालकाचं नाव, बोजा, कर कुठपर्यंत भरलाय, सगळं एका पानावर कळतं. मालकाऐवजी भलत्याच अर्जदाराला नावा-पत्त्याचा तपशील वैयक्तिक माहिती म्हणून नाकारला जाऊ शकतो, म्हणून नोंदणीकृत मालक किंवा त्याचे वारस यांच्याच सहीनं अर्ज जाऊ द्या.

नोंद सापडली पण ओटीपी येत नाही, ही याच जातीची छोटी कटकट. नोंदीला मोबाइल नंबर जोडलेला नसतो. चॅसी नंबर, इंजिन नंबर आणि नोंदणीची तारीख हाताशी असेल तर नंबर जोडून घेता येतो.

चॅसी नंबर जुळत नाही

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडे एका गॅरेजात पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाटच, उभी होती. फाइल "चॅसी नंबर विसंगत" असा शेरा मारून परत आलेली. मालकाला घाई रंगाची, कारण घरात लग्न, आणि वरात म्हणे याच गाडीतून. मिस्त्री म्हाताराच, पण पक्का. "मालक, रंग कुठं पळून जात नाही. आधी नंबर बघू."

त्यानं बॉनेट उघडून नंबराच्या जागेवर घासलेटात भिजवलेलं फडकं दाबून ठेवलं आणि चहा मागवला. चहा होईपर्यंत वंगणाचा थर सुटला. मग पितळी ब्रश, हलक्या हातानं, एकाच दिशेनं. गॅरेजातल्या पोरानं ग्राइंडर उचलला तसा म्हातारा ओरडलाच, "ठेव बे तो! आकडा गेला तर तुझा बाप लिहून देणार का?" खाली जुन्या रंगाचे थर होते, ते थिनरनं काढले. मग खडूची पूड चोळली आणि वरचं बोटानं पुसून घेतलं. खोबणीत पांढरं राहिलं आणि आकडे उठून आले. त्यावर पातळ कागद धरून मऊ पेन्सिल आडवी फिरवली. कॉम्प्युटरमधल्या नोंदीत जिथं ३ होता तिथं लोखंडावर चक्क ८. आरसी बुक काढून उन्हात धरलं, तर तिथंही ८ च, फक्त शाईची डावी बाजू उडालेली. नोंद चढवणाऱ्याला तो ३ दिसला, त्यानं ३ टाइप केला. गाडी बरोबर, बुक बरोबर, आणि वर्षानुवर्षं फाइल मात्र चूक.

असल्या फरकाला दुरुस्तीचा अर्ज करायचा, पेन्सिल ठसा लावायचा आणि गाडी मोटार वाहन निरीक्षकाला प्रत्यक्ष दाखवायची. शून्य आणि ओ, एक आणि आय, पाच आणि एस, या जोड्या आधी तपासा. इंजिन नंबरचंही तसंच, पण तिथं दुसरं कारण असू शकतं, त्याकडे पुढे येतो.

गंजानं आकडेच खाल्ले असतील तर प्रकरण नाजूक. "दोन पंच मारतो की, कुणाला कळतंय" म्हणणारे मिस्त्री मिळतात. त्यांना हात जोडा. स्वतः पंच मारलेली गाडी चोरीची नसली तरी चोरीची दिसते, आणि निरीक्षकाची नजर अक्षराच्या वळणावरून नवा पंच ओळखते. नंबर वाचता येत नाही असा लेखी अर्ज द्या, उरलेल्या आकड्यांचा ठसा, जुने विम्याचे कागद, इंजिन नंबर यांवरून ओळख पटवा आणि नंबर पुन्हा ठोकायचा असेल तर तो कार्यालयाच्या लेखी परवानगीनंच.

जाता जाता पत्राकामाबद्दल. जीपला खालची चॅसी वेगळी असते, बॉडी बदलली तरी नंबर शाबूत राहतो. फियाटला आणि अॅम्बेसेडरला तसं नाही, तिथं बॉडी हीच चॅसी. सडका पत्रा कापताना नंबराचा तुकडाही कापला गेला आणि भंगाराच्या पोत्यात गेला, असं झालेलं आहे. काम सुरू करण्यापूर्वी नंबराचा फोटो आणि ठसा घेऊन ठेवा आणि त्या भागाला गॅस कटर लागणार नाही हे मिस्त्रीकडून वदवून घ्या.

कोऱ्या सह्यांचे २९-३०

जुन्या गाडीबरोबर एक प्लास्टिकची पिशवी मिळते. तीत आरसी बुक, दोन-चार पावत्या आणि मालकानं कोऱ्यावर सही करून दिलेले फॉर्म २९ आणि ३०, म्हणजे मालकी बदलाचे अर्ज. विकणारा अभिमानानं सांगतो, "सह्या तयार आहेत, कधीही नावावर करा." गाडी त्या पिशवीसकट तिघा-चौघांकडून फिरत आलेली असते आणि मधल्या एकानंही नावावर केलेली नसते.

कायदा असा: त्याच राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत कळवायचं. मुदत चुकली म्हणून दरवाजा बंद होत नाही, दंड भरून काम होतं. दरवाजा बंद होतो तो सही करणारा हयात नसेल तेव्हा. मेलेल्या माणसाची सही आजच्या तारखेला वापरणं हा सरळ खोटा कागद आहे, आणि आता आधार व ओटीपी आल्यापासून ते चालतही नाही.

मग रस्ता एकच, थोडा लांबचा. आधी वारसाच्या नावावर, मग तुमच्या. वारसानं फॉर्म ३१ भरायचा, सोबत मृत्यूचा दाखला, वारसाचं प्रतिज्ञापत्र आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत. कायद्यात मृत्यूनंतर ३० दिवसांत कळवून तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. वीस वर्षांनी केला तर उशिराचा भुर्दंड पडेल, पण होतो. वारसांत भांडण असेल किंवा कुणी सहीच देत नसेल तर दिवाणी न्यायालयातून वारस दाखला आणावा लागतो, तो अजूनही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठ खाली मिळतो. एका फियाटसाठी कोर्टात जायचं की नाही हा ज्याचा त्याचा विचार. मी गेलो नसतो, दुसरी फियाट बघितली असती.

सोलापुरात वारस शोधणं तसं अवघड नाही. गिरणीच्या काळातली घरं विखुरली, पोरं पुण्याला, हैदराबादला गेली, पण गल्लीत कुणी ना कुणी ओळखणारं असतंच. जाताना गाडीचा जुना फोटो न्या. "काकू, मामांची गाडी आम्ही पुन्हा चालू केलीय, कागदाला तेवढी तुमची सही हवी" असं मोकळेपणानं सांगितलं तर बहुतेक ठिकाणी चहा आणि सही दोन्ही मिळतं. एजंटला पाठवलंत तर मात्र त्यांना वाटतं, गाडीत काहीतरी घबाड आहे.

मालक हयात आहे पण सापडत नाही, असं असेल तर आरसीवरच्या पत्त्यावर पोचपावतीसह रजिस्टर्ड पत्र पाठवा. परत आलेला लिफाफा फोडू नका. "पत्त्यावर राहत नाही" हा पोस्टाचा शेरा तुमचा पुरावा आहे. तो लिफाफा, गाडी घेतल्याची पावती आणि नुकसानभरपाईचं हमीपत्र लावून मालकाला नोटीस काढायची विनंती कार्यालयाकडे करा.

नावाच्या साखळीतच बोजाही येतो. १९८० च्या सुमारास घेतलेलं कर्ज केव्हाच फिटलेलं असतं, पण बुकात बँकेचं नाव तसंच. फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र लागतं. बँकच उरली नसेल तर तिचा वारस शोधा: देना आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेल्या, सिंडिकेट वर्षभरानं कॅनरात. पतसंस्था अवसायनात (मोडीत) गेली असेल तर पत्र अवसायक, म्हणजे ती गुंडाळायला नेमलेला अधिकारी, देतो, आणि तो कोण हे सहायक निबंधक कार्यालयात कळतं.

गाडी केए, एपी नाहीतर दिल्लीची

सोलापूर सीमेवरचं गाव. विजापूर, गुलबर्ग्याकडून गाड्या येतात, हैदराबादहून येतात, आणि हल्ली स्वस्तात दिल्लीच्याही. परराज्यातली गाडी इथं १२ महिन्यांहून जास्त ठेवायची तर कलम ४७ प्रमाणे इथला नंबर घ्यावा लागतो. त्याला मूळ कार्यालयाची एनओसी म्हणजे फॉर्म २८, नव्या नंबरासाठी फॉर्म २७, गाडी चोरीला गेलेली नसल्याचा एनसीआरबीचा (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा) अहवाल आणि महाराष्ट्राचा कर, एवढं लागतं.

एनओसी देत नाहीत, अशी तक्रार असते. कलम ४८ वाचून जा. अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत एनओसी द्यायची किंवा कारण लिहून नाकारायची. दोन्ही केलं नाही तर ती दिली असंच मानलं जातं. अर्थात त्यासाठी अर्ज दिल्याची तारखेची पोच हवी. तोंडी विचारून आलात तर ३० दिवस मोजायचे कुठून?

कर्नाटकातल्या गाडीचा बी-एक्स्ट्रॅक्ट आधी मागवा, आपल्याकडच्या नोंदवहीच्या उताऱ्यासारखाच तो. हैदराबादच्या जुन्या गाडीवर एपी असलं तरी २०१४ पासून तिचं रेकॉर्ड तेलंगणाकडे आहे, विजयवाड्याला पत्र पाठवत बसू नका. दिल्लीची गाडी मात्र बाजूलाच ठेवा, जोवर एनओसी डोळ्यांनी बघत नाही तोवर. तिथं १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली (२०२५ मध्ये न्यायालयानं ती काही गाड्यांपुरती सैल केली), आणि नोंदणीच रद्द झालेली गाडी गळ्यात पडली तर काढता येत नाही.

महाराष्ट्रात अशी सरसकट वयाची बंदी खासगी गाडीला नाही. १५ वर्षांनंतर फॉर्म २५ भरून, गाडी दाखवून दर पाच वर्षांनी पासिंग वाढवता येतं. फी मात्र वाढलीय. १५ वर्षांवरच्या मोटारीला ५,००० होती. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनं २० वर्षांवरच्या मोटारीला ती १०,००० झाली, आयात केलेल्या चारचाकीला ८०,०००. शिवाय पासिंग संपल्यापासून महिन्याला ५०० रुपये उशिराची फी आणि पर्यावरण कर. दहा वर्षं पासिंग चुकलेलं असेल तर उशिराचीच फी साठ हजार होते. गाडीचा भाव ठरवताना हा आकडा विकणाऱ्यापुढे मांडा.

कागदावर पेट्रोल, बॉनेटखाली डिझेल

इंजिन नंबर जुळत नाही त्याचं हे दुसरं कारण. डिझेल स्वस्त असताना आपल्याकडच्या बागायतदारांनी जुन्या पेट्रोल जीपांना मॅटाडोरची डिझेल इंजिनं बसवली. गाडी मस्त चालते. बुकात मात्र इंधन पेट्रोल आणि नंबर जुन्या इंजिनाचा. त्या काळी परवानगी काढून शेरा मारून घेतला असेल तर नशीब. बुकाची मागची पानं नीट बघा, शिक्का पुसट झालेला असतो. शेरा नसेल तर मूळ जातीचं पेट्रोल इंजिन पावतीसह मिळवून, परवानगी घेऊन बसवणं हाच मार्ग उरतो.

याच वळणावर हॉट रॉडवाली पोरं भेटतात. मोबाइलवर अमेरिकेतल्या गाड्या बघायच्या, १९३२ ची फोर्ड, छप्पर कापून खाली आणलेलं, पुढं व्ही-एट इंजिन उघडं, आणि मग पद्मिनीचं तसंच करायचं. तिकडे त्याला कायद्यात जागा आहे. कॅलिफोर्नियात घरी बांधलेल्या गाडीची वेगळी नोंदणी होते, आणि धुराच्या चाचणीतून सूट दरवर्षी पहिल्या ५०० अर्जांना मिळते. व्हर्मांट राज्य तर २०२३ पर्यंत १५ वर्षांहून जुन्या गाडीला मालकीपत्राशिवाय नोंदणी द्यायचं, बाहेरच्या राज्यातल्यांनासुद्धा, आणि ज्यांचे कागद हरवले ते सगळे तिकडे धावायचे. आपल्याकडे यातलं काहीही नाही. कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत फरक करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२ए आलं: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. छप्पर एक, इंजिन दोन, असं मोजत जायचं. त्यामुळे कापलेल्या गाडीची नोंदणी कशी करू, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. न कापलेल्या गाडीचा रंग बदलला असेल तर तो आरसीवर चढवून घ्या, ते होतं.

लष्कराच्या लिलावातल्या जीपा आणि जोंगा (जीपसारखीच लष्करी गाडी) यांचं थोडक्यात. लिलावाचा मूळ कागद आणि फॉर्म ३२ लिलावात बोली जिंकणाऱ्याच्या नावानं असतो. त्यानं स्वतःच्या नावावर नोंदणी न करता गाडी पुढे विकली की साखळी पहिल्याच कडीला तुटते. आणि लिलावाच्या कागदावर "भंगार" असा शब्द असेल तर गाडी कितीही दणकट दिसली तरी सोडून द्या.

व्हिंटेज नंबर घ्यावा का?

१५ जुलै २०२१ ला केंद्रानं व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले, केंद्रीय मोटार वाहन नियमांत ८१ए पासून पुढे. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, बिगर-व्यावसायिक, आणि चॅसी, बॉडी, इंजिन मूळचं असलेली गाडी यात बसते. नव्या नोंदणीची फी २०,०००, मुदत १० वर्षं, पुढे नूतनीकरण ५,०००. नव्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं, आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. नंबराचा शौक असणाऱ्यांना हे फार मोलाचं.

पण अट वाचा. ही गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती, एवढंच. रविवारी सकाळी घरच्यांना घेऊन पंढरपूरला जाऊन यायचं असेल तर साधं पाच वर्षांचं पासिंगच बरं. सोलापुरातल्या बहुतेक हौशी लोकांना मी तेच सांगतो, आणि त्यांना ते आवडत नाही, कारण व्हीएची पाटी दिसायला भारी. एक गोष्ट मात्र पक्की: हा मागचा दरवाजा नाही. आधी नोंदलेल्या गाडीला इथंही जुनी आरसी जोडावी लागते. जिची साखळी तुटलीय तिला व्हिंटेजमध्येही तोच शेरा मिळतो.

सगळं लावलं, तरी नाही म्हणतात

मग आदेश लेखी मागा. पत्त्यात बदल, ट्रान्सफर, एनओसी, नवा नंबर, गाडीतला बदल, यांतल्या कुठल्याही बाबतीत नोंदणी अधिकाऱ्यानं नकार दिला तर कलम ५७ खाली अपील करता येतं, आणि मुदत आदेश हातात पडल्यापासून ३० दिवसांची. अपिलाला लागतं ते तारखेसह, सहीसह नकाराचं पत्र. ते मागितलं की गंमत होते, बऱ्याचदा पत्र टाइप करण्याऐवजी फाइलच पुन्हा उघडली जाते. अर्ज आवक-जावकला देऊन शिक्का मारून घ्या, एक प्रत स्वतःकडे ठेवा, आणि मूळ आरसी बुक पोच घेतल्याशिवाय कुणाच्याही हातात देऊ नका, एजंटच्या तर नाहीच.